म्हशीला पचंल असं भांडण

आमच्या सासूबाई, तानूबाई, म्हणजे गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरच्या जज्ज. आता गुडघं धरल्यात, स्टुलावर बसून असत्यात, पर कट्ट्यावर कुणाचा आवाज चढला की अजून काठी आपटत्यात.

मी रूपाली, त्यांची सून. त्र्याण्णव साली लग्न करून कोडोलीहून कोल्हापुरात आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या म्हणल्या, "चल कट्ट्यावर, नवी सून लोकास्नी दिसू दे." मी आपली चांगलं लुगडं नेसून, पावडर लावून तयार. कशाचं काय! त्यांनी चंद्री म्हशीचं दावं माझ्या हातात दिलं आणि स्वतः धारंला बसल्या.

ज्यानं बघितलं न्हाय त्याला सांगते. हितं दूध पिशवीतलं पीत न्हाईत. म्हशी रस्त्याकडंला आणून बांधायच्या, गिऱ्हाईक पेला घेऊन उभं, आणि त्याच्यासमोर धार काढून तिथंच प्यायला द्यायची. पैलवान, वकील, रिक्षावाले सगळी एका रांगंत, आणि पेलं सगळ्यास्नी तेच. फेसाच्या पांढऱ्या मिशा आल्याबिगर कुणी पेला खाली ठेवत न्हाय.

सासूबाईंचा नियम एकच. म्हस धारंला असताना मोठ्यानं बोलायचं न्हाय. बिचकली की ती पान्हा चोरती, दूध वर वढून घेती, मग बसा बोंबलत. आता कोल्हापूरच्या माणसाला हळू बोल म्हणणं म्हणजे मिसळीत तिखट घालू नको म्हणण्यातला परकार! पर सासूबाई ऐकायच्या न्हाईत. "भांडा की! कोण नको म्हणतंय? पर म्हशीला पचंल असं भांडा."

त्या नियमावर दोन माणसांची दोस्ती उभी हुती. एक हंबीरराव, आमच्या पेठेतल्या तालमीचा वस्ताद. मान रेड्यासारखी, आवाज भोंग्यासारखा, आणि आपल्या पक्षासाठी जीव द्यायला तयार. दुसरे प्रसेनजीत कांबळे सर, पलीकडच्या बौद्ध वस्तीतले, हायस्कूलात शिकवायचे. त्यांचा पक्ष बरोबर उलटा. सर रोज चंद्रीच्या तोंडापाशी उभं राहून पेपर मोठ्यानं न्हाय, पर सगळ्यास्नी ऐकू जाईल असा वाचायचे. चंद्रीला त्या आवाजाची अशी सवय लागली की सरांनी पेपर उघडला की ती पान्हा सोडायची.

आणि दर बातमीला हंबीररावाचा विरोध! आरक्षण, उसाचा दर, कोण येणार, कोण पडणार, सगळ्यावर जुंपायचं. पर सगळं कुजबुजत. एवढा धिप्पाड गडी दात-ओठ खात "सर, हे तुमचं साफ चुकतंय" असं बारीक आवाजात म्हणायचा, तवा मला पदर तोंडात कोंबायला लागायचा. सर म्हणायचे, "वस्ताद, तुमचं ऐकून झालं. आता माझं ऐका." आणि खरंच ऐकायचे की एकमेकांचं. असं भांडण मी माहेरी कधी बघितलं नव्हतं.

मग महापालिकेची निवडणूक आली. चौकात सभा, हंबीररावाच्या हातात माईक. चार टाळ्या पडल्या आणि गडी चेकाळला. बोलून गेला, "त्या वस्तीतल्या मतांचं काय सांगताय? एका जेवणावर फिरत्यात ती!" स्पीकर खांबाखांबाला. वस्तीत सरांचे वडील पिराजीआबा दारात बसलेले. त्यांनी शब्द नि शब्द ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले. पेपर काखेतच. पेला उचलला आणि कट्ट्यावर पालथा घातला.

"वस्ताद, माझ्याशी काय बी बोला. पर माझ्या म्हाताऱ्यानं जन्मात मत इकलेलं न्हाय. काल तो जेवला न्हाय. आजपासनं माझं हितलं दूध बंद."

"अहो सर, राजकारणात बोलायलाच लागतंय की!" हंबीरराव आपल्या खऱ्या आवाजात वरडला. चंद्री दचकली, पाय झाडला, आणि दूध बंद. सर मागं न बघता गेले.

सासूबाईंनी त्या दिवशी कट्टा लवकर आवरला. सांजंला मला म्हणल्या, "रूपाली, आज एक गेला. उद्या त्याच्या वस्तीतलं सगळं गिऱ्हाईक जाईल. मग ह्यो कट्टा एका जातीचा, एका पक्षाचा हुईल. तसल्या कट्ट्यावर मी धार काढायची न्हाय बघ. म्हशी इकून टाकीन." त्या बोलल्या की करणाऱ्यातल्या.

पर इकण्याआधी त्यांनी एक लबाडी केली. दुसऱ्या दिवसापासनं चंद्रीची कास घरीच मोकळी करायची, दूध डेअरीला घालायचं आणि रिकामी म्हस कट्ट्यावर आणायची. हंबीरराव पेला घेऊन उभा राहिला की म्हणायच्या, "म्हस पान्हा चोरती रं बाबा. तिला वाचणारा पायजे."

"मग दुसऱ्या म्हशीचं द्या की."

"तुझं दूध चंद्रीचं. दुसरीचं मिळणार न्हाय."

बिचारा स्वतः पेपर घेऊन आला. म्हशीम्होरं उभं राहून बारीक आवाज काढून बाजारभाव वाचाय लागला! अख्खा कट्टा पोट धरून हसतोय, आणि चंद्री त्याच्याकडं बघून नुसती रवंथ करतीया. आठवडाभर गडी कोरडा पेला घेऊन घरी गेला.

शेवटी एका सकाळी माझ्याजवळ आला. "वयनी, सरांच्या घरला जायचंय. तुमी चला की संगट. मला भ्या वाटतंय."

दारात पिराजीआबाच बसलेले. हंबीररावानं वाकून पाय धरलं. आबा म्हणाले, "ऊठ पोरा. हितं कोण बघतंय? स्पीकरवर बोललास, स्पीकरवरच परत घे."

मला वाटलं, आता ह्यो मागं फिरतोय. उमेदवार काय म्हणंल, पक्ष काय म्हणंल! पर परचाराच्या शेवटच्या सभेत हंबीररावानं माईक घेतला, आणि आम्ही सगळी बघतच राहिलो. कट्ट्यावरचा आवाज लावला गड्यानं. एवढा हळू की लोकं ऐकायला गप्प झाली.

"मागल्या सभेत मी पलीकडच्या वस्तीबद्दल खोटं बोललो. टाळ्यांसाठी बोललो. तिथली मतं इकत मिळत न्हाईत. मी त्या वस्तीची माफी मागतो."

उमेदवार मागनं त्याचा शर्ट वढत हुता. त्यानं हात झटकला आणि खाली उतरला. पुढं पक्षानं त्याला कधी माईक दिला न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले, संगट पिराजीआबा. सासूबाईंनी मला डोळा मारला. त्या दिवशी चंद्री भरल्या कासेनं आलती. सरांनी हंबीररावाकडं रोखून बघितलं.

"वस्ताद, खरं सांगा. काल माईकवर बोललासा ते म्हशीच्या दुधासाठी, का आमच्यासाठी?"

हंबीरराव हसला. "सर, मी तालमीतला गडी, जन्म गेला दुधावर. भरली कास आणि रिकामी कास मला कळत न्हाय व्हय? पहिल्याच दिवशी वळखलं मी, तानूमावशी घरी धार काढून आणत्यात."

सासूबाईंचं तोंड असं झालं की काय सांगू! "मेल्या, मग रोज येऊन पेपर कशाला वाचत हुतास?"

"घरी बसून करमंना, मावशी. आणि सरांच्या घराकडं जायचं तर पाय उचलंना. म्हणलं, तुम्ही तरी ढकलून लावशीला."

कट्टा हसला, पर सर हसले न्हाईत. चष्मा पुसत राहिले. सासूबाईंनी धार काढली, पहिला पेला फेसासकट पिराजीआबांच्या हातात दिला. आबा पेल्याकडं बघत म्हणाले, "ल्हानपणी आमच्या वंजळीत पाणी बी लांबनं वतायची लोकं."

मग त्यांनी तो पेला हंबीररावाम्होरं धरला.

"आधी ह्याला. आठवडाभर उपाशी हाय त्यो."

हंबीररावानं दोन्ही हातांनी पेला घेतला. डोळ्यांतनं धार लागली गड्याच्या. माझ्याबी. सासूबाईंनी त्या दिवसापासनं तसाच ठेवलेला पालथा पेला सरांनी सरळ केला, पेपर उघडला आणि पहिलीच बातमी वाचली. हंबीररावानं फेसाची मिशी पुसली आणि बारीक आवाजात म्हणाला, "सर, हे तुमचं साफ चुकतंय."