उलटं बसलेलं बेअरिंग

रत्नागिरीत ज्या गॅरेजमध्ये मी काम शिकलो, तिथले मोठे मिस्त्री देवरूखकडचे होते. मी त्यांना काका म्हणायचो. एकदा एका गाडीचं पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग आम्ही दोघांनी बदललं. बेअरिंग प्रेसवर मी बसवलं, सेन्सर आणि बाकीची जोडणी काकांनी केली. दुसऱ्याच दिवशी गाडी परत आली. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेचा पिवळा दिवा लागलेला.

स्कॅनर लावला. त्याच चाकाच्या सेन्सरकडून सिग्नल येत नव्हता. गॅरेजच्या मालकांनी नवा सेन्सर टाकायला लावला, तरी दिवा तसाच. वायर तपासली, प्लग साफ केला. काही उपयोग नाही.

"सेन्सर कोणी जोडला?" मालक ओरडले.

"मी," काका म्हणाले.

"वय झालं की माणसानं घरी बसावं. नव्या गाड्या तुम्हाला जमायच्या नाहीत."

हे गिऱ्हाइकासमोर. काका माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घालून पाने पुसत राहिलो. संध्याकाळी ते गेले ते परत आलेच नाहीत.

दोन दिवसांनी मी चाक उघडलं. या बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकाची कडी असते. सेन्सर तिच्यावरून चाकाचा वेग ओळखतो, म्हणून ती बाजू सेन्सरकडेच हवी. मी टाचणी लावून पाहिली. ती भलत्याच बाजूला चिकटली. बेअरिंग मीच उलटं दाबलं होतं.

"बेअरिंगच खराब निघालं," असं मालकांना सांगून मी दुसरं मागवलं, नीट बसवलं. दिवा गेला. मालकांनी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली.

पुढे कधीतरी देवरूखच्या बाजारात काका भेटले. भावाच्या दुकानात पंप दुरुस्त करत बसले होते.

"तो दिवा गेला काय रे?"

"गेला. बेअरिंग…"

"उलटं होतं. नवा सेन्सर टाकूनही दिवा गेला नाय, तेव्हाच माझ्या ध्यानात आलेलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुला काढलं असतं त्यानं. आणि म्हटलं, तू बोलशील."

मी चहाला चला म्हटलं. ते नको म्हणाले आणि पंपाकडे वळले.

मालकांना सगळं सांगायचं असं परतीच्या वाटेवर मी पक्कं ठरवलं होतं. पोचलो तेव्हा दारात दोन गाड्या उभ्या होत्या. मी कपडे बदलून कामाला लागलो. ते सांगणं अजून झालेलं नाही.