नाव न घेणारा माणूस

माझे सासरे सर्जेराव केदारखेड्याचे. जन्म मेंढरांमागे गेला. मेंढरांशी जेवढं बोलले तेवढं आमच्याशी कधी बोलले नाहीत, आणि घरात कुणी त्याचं वाईटही वाटून घेतलं नाही. बायकोला हाक मारायची तर ‘करणची माय’. तिचं नाव मी सून म्हणून आल्यापासून त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

मग हात थरथरू लागला. कंपवात. गोळ्या सुरू झाल्या, मेंढरं विकली. यंदा जालन्याचे डॉक्टर म्हणाले, या आजारात पुढं विसर पडू शकतो, एकदा तपासून घेऊ. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, फणकारल्या, “हात कापतो, डोकं बिलकुल बराबर हाय!”

डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले, थोड्या वेळानं विचारले. दोनच आले. घड्याळ काढायला लावलं, तर सगळे आकडे एका बाजूला दाटीवाटीनं. मला रडू यायला हवं होतं. काहीच आलं नाही.

“या कोण?” डॉक्टरांनी आत्याबाईंकडे बोट केलं.

“करणची माय.”

“त्यांचं नाव?”

सासरे खाली बघून हसले. आत्याबाईंनी पदर सावरला. “नाव घेत न्हाईत ते, साहेब. आमच्यात घेत न्हाईत.” डॉक्टर हसले, मीही हसले.

जीपमध्ये मात्र आत्याबाई सारख्या सासऱ्यांकडे बघत होत्या. लाजले की विसरले? आयुष्यभर नावच घेतलं नाही, तर आता कळावं कशावरून?

घरी आल्यावर त्या त्यांच्यासमोर बसल्या. “लग्नातला उखाणा म्हणा बरं.” मी उठू लागले, तर म्हणाल्या, “बस.”

सासरे न अडखळता म्हणाले, “माळावर मेंढरं, ओढ्याला पाणी, माझ्या घरची राणी.”

पाणी आणि राणी यांच्यामध्ये नाव असतं, लग्नात तेवढं एकदाच घेतलेलं. ते आलं नाही, आणि राहिल्याचं त्यांना कळलंही नाही. आत्याबाईंनी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तसंच.

तेवढ्यात माझा नवरा, करण, शेतातून आला. “काय म्हणले डॉक्टर? आबा वळखतेत ना समद्यांला?”

“वळखतेत की,” आत्याबाई म्हणाल्या. “आत्ताच माझं नाव घेतलं. इचार मोनिकाला.”

मी म्हणाले, “हो, घेतलं.”