गोपीनाथरावांचा ओके

आमच्या बाग सेवनियातल्या कॉलनीत गोपीनाथ खांबेटे यांना सगळे ‘ओके अंकल’ म्हणतात. पूर्वी गमतीने म्हणत. आता त्यांच्याजवळ तेवढा एकच शब्द उरला आहे, तरी नाव बदललेले नाही.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. माझे यजमान आणि ते एकाच कारखान्यात होते. आम्ही जबलपूरचे, ते नाशिकहून आलेले. यजमान हिशेब खात्यात, गोपीनाथराव तपासणीत. ओतकाम होऊन आलेला लोखंडी भाग त्यांच्यासमोर आला की ते त्यावरून तळहात फिरवीत, छोट्या हातोडीने ठोकून कान लावीत. आवाज खणखणीत आला तर म्हणत, ‘ओके’, आणि शिक्का मारीत. खोट निघाली तर तोंडातून शब्द काढत नसत, लाल खडू काढीत. भाग दुरुस्त होण्यासारखा असेल तर वर्तुळ, भंगारात जायचा असेल तर फुली.

हे सगळे मला माहीत आहे ते आमच्या फरशांमुळे. फ्लॅटचा ताबा घेताना त्यांनी त्यांच्या आणि माझ्या घरातली एकेक फरशी ठोकून पाहिली आणि पोकळ निघालेल्या फरशांवर वर्तुळे काढली. बिल्डरच्या माणसाने ओले फडके घेऊन दोन वर्तुळे पुसली. एरवी शांत असणारे गोपीनाथराव असे कडाडले, की खालचा चौकीदार वर धावत आला. “जिसने निशान लगाया, वही मिटाएगा! समझे?”

नंतर मला म्हणाले, “ताई, फुली मारून माणूस मोकळा होतो. वर्तुळ मारलं की तो तुकडा आपल्या गळ्यात पडतो. नीट होऊन येईपर्यंत त्या खुणेला दुसऱ्यानं हात लावायचा नाही.”

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. ‘ओके’ म्हटले की आमच्या सिस्टर वर्गाबाहेर उभे करायच्या, त्यांच्या मते तो आळशी माणसाचा शब्द. मी हे सांगितले तेव्हा गोपीनाथराव हसले. “तुमच्या सिस्टरना आमच्या खात्यात पाठवा. तिथं निबंध लिहायला वेळ नसतो.”

“आणि घरात?” त्यांच्या पत्नी सुमित्रा आतून म्हणाल्या. “भाजी कशी झाली, ओके. साडी कशी दिसते, ओके. अहो ताई, मला बघायला आले तेव्हासुद्धा ह्यांनी ओकेच म्हटलं. माझे वडील म्हणाले, मुलगा मुलीला होकार देतोय का लोखंड पास करतोय?”

“खणखणीत आवाज आला, म्हणून पास केलं,” गोपीनाथराव म्हणाले.

मागच्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला शब्द उच्चारला तो ‘ओके’. आम्ही सगळे रडलो, हसलो. त्यांचा मुलगा निनाद पुण्याहून आला होता, त्याने फोनवर ते चित्रितही करून घेतले. दुसऱ्या दिवशीही तोच शब्द आला. तिसऱ्या दिवशीही तोच, आणि मग कोणी हसेना. डॉक्टरांनी सांगितले, की त्यांना बोललेले बरेच कळते, पण सांगायला गेले की दरवेळी हाच एक शब्द तोंडी येतो. कधीकधी सुधारते, म्हणाले.

सुधारले नाही. सुमित्राच शिकल्या. पाणी हवे असले की ओके आखूड आणि शेवटी वर चढलेला. कूस बदलायची असली की घाईघाईने दोनदा. निनादचा फोन आला की लांबलेला, ओला. राग आला की भांडे फेकल्यासारखा. दुखत असेल तेव्हा डोळे मिटून, जवळजवळ घशातच. कोणी भेटायला आले आणि ते काही म्हणाले, की सुमित्रा लगेच उलगडून सांगायच्या. “चहा घ्या म्हणतायत.” “पंखा कमी करा म्हणतायत.” “तुमच्या गुडघ्याचं काय झालं विचारतायत.”

एकदा दूधवाल्याने दारातून विचारले, “कैसे हो अंकल?” आतून उत्तर गेले, “ओके.” तो खूश झाला. “अरे वाह, अंकल तो एकदम फिट हैं! आंटी, आप यूँ ही टेन्शन लेती हो.” सुमित्रांनी हसून दूध घेतले. पातेले ओट्यावर ठेवले आणि तिथेच फ्रिजला टेकून उभ्या राहिल्या. “ताई, ते दुखतंय म्हणाले होते,” त्या म्हणाल्या.

दुखत होता तो पाय. मधुमेह जुना होता, आणि उजव्या पायाला संवेदना कमी म्हणून टाचेची जखम उशिरा लक्षात आली. ती काळी पडत गेली. होशंगाबाद रोडवरच्या एका रुग्णालयात दाखल केले. तिथल्या सर्जनने पाहून सांगितले, पाय गुडघ्याच्या वर कापावा लागेल, विष वर चढते आहे. थांबलो तर जीव जाईल, आणि मेंदूला धक्का बसून गेलेल्या माणसाला भूल देण्यातही धोका आहेच.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “अंकल समझते हैं, इसलिए उनसे पूछना मेरा फर्ज़ है.” पलंगाजवळ वाकून सावकाश विचारले, “अंकल, पैर काटना पड़ेगा. काटें?”

“ओके,” गोपीनाथराव म्हणाले.

“हे हो म्हणालेले नाहीत!” सुमित्रा मध्येच ओरडल्या. “डॉक्टर साब, उलटा पूछिए. उलटा पूछ के देखिए.”

“अच्छा अंकल, ना काटें?”

“ओके.”

डॉक्टरने चष्मा काढून पुसला. संध्याकाळच्या फेरीपर्यंत ठरवा, म्हणाला, आणि संमतीचा कागद पलंगाच्या पायथ्याशी ठेवून गेला. निनादची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी हबीबगंज स्टेशनला पोहोचणार होती. तो फोनवर म्हणाला, “आई, बाबा ओके म्हणाले ना? मग तू सही कर. वेळ घालवू नकोस.”

“अरे, तुला काय माहीत ते काय म्हणाले!”

“मग तुला माहीत आहे ना? तूच सांगत असतेस सगळ्यांना.”

सुमित्रांनी फोन माझ्या हातात दिला. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. म्हणाल्या, “ताई, पाणी मागितलं तर मला कळतं. हे मी कधी ऐकलेलंच नाही. हा ओके मी ओळखतच नाही.” मग त्यांनी परत परत विचारले. मराठीत, हिंदीत, कानाशी, समोर उभे राहून, पायाला हात लावून. दरवेळी तोच शब्द. शेवटी शेवटी गोपीनाथरावांच्या कपाळावर घाम आला आणि ते शब्द थुंकल्यासारखे बाहेर टाकू लागले. मी म्हटले, “पुरे, सुमित्रा. त्यांना त्रास होतोय.”

“मला त्यांच्या पायावर माझं मन चालवायचं नाही हो. आयुष्यभर लोखंडाच्या तुकड्यालासुद्धा विचारल्याशिवाय निकाल दिला नाही ह्या माणसानं.” एवढे बोलून त्या थांबल्या. “ताई, घरी जाऊन येता? देव्हाऱ्याखालच्या खणात बिस्किटाचा डबा आहे. त्यात ह्यांचे खडू आहेत.”

मी रिक्षाने गेले आणि आले. डब्यात हातोडी होती, तीही आणली.

सुमित्रांनी लाल खडू त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यावर त्यांची बोटे मिटवली. गोपीनाथरावांनी खडूकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा बदलला. कित्येक महिन्यांत मी तो चेहरा पाहिला नव्हता. फरशा तपासताना होता, तोच. सुमित्रांनी चादर बाजूला करून त्यांचा डावा हात उजव्या मांडीवर, बँडेजच्या वर नेऊन ठेवला. “अहो, तुम्हीच सांगा. काय करायचं?”

आधी त्यांनी खडू बोटांत सरकवून तळहात मांडीवरून फिरवला, सावकाश. मग बोटाच्या पेराने दोनदा ठोकले. मग खडू टेकवला. डाव्या हाताला सवय नव्हती. रेघ वाकडी गेली, तुटली, पुन्हा जोडली. पण फुली नव्हती ती. त्यांनी वर्तुळ काढले, आणि टोके जुळेपर्यंत खडू सोडला नाही.

म्हणजे पाय ठेवायचा होता. दुरुस्त होईल, असे म्हणत होते.

सुमित्रा त्या वर्तुळाकडे बघत राहिल्या. तेवढ्यासाठी त्यांनी दुपारभर जिवाचे पाणी केले होते आणि आता ते उत्तर समोर होते. बाहेर व्हरांड्यात डॉक्टरचा आवाज यायला लागला, शेजारच्या खोलीत फेरी आली होती.  

“अहो,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “ह्याची दुरुस्ती होत नाही हो. मी विचारलं सगळ्यांना. नाही होत.”

गोपीनाथरावांनी वर्तुळावर बोट टेकवले.

“मला तुम्ही हवेत,” सुमित्रा म्हणाल्या. आणि त्यांनी पदराचे टोक तांब्यातल्या पाण्यात भिजवून ते वर्तुळ पुसले. लाल पाणी बँडेजच्या कडेत उतरले, तेही टिपून घेतले. गोपीनाथराव बघत होते. त्यांनी हात आडवा घातला नाही. फक्त डोळे सुमित्रांच्या पदरावरून वर, तोंडाकडे आले.

“ओके,” ते म्हणाले.

डॉक्टर आत आला तेव्हा सुमित्रांनी सही केलेली होती.

भूल निभावली, जीव वाचला. निनाद पंधरवडाभर राहून गेला. आईने वेळेवर निर्णय घेतला म्हणून बाबा आहेत, असे तो सगळ्यांना सांगत असे, आणि ते खरेच आहे. सुमित्रा ते ऐकताना उठून आत जायच्या. खडूचा डबा परत कुठे ठेवला, मी विचारले नाही.

काल मी वर गेले होते. खिडकीशी खुर्चीत त्यांना बसवले होते, मांडीवर चादर होती आणि एका बाजूने ती सपाट पडली होती. सुमित्रा मेथी निवडत होत्या. गोपीनाथराव चादरीच्या त्या सपाट भागाकडे बघत होते. मग मान वर करून माझ्याकडे पाहून म्हणाले, “ओके.” लांब नव्हता, आखूडही नव्हता. मला ओळखता आला नाही.

मी सवयीने विचारले, “सुमित्रा, काय म्हणतायत?”

त्यांनी मेथीची काडी मोडली. वर पाहिले नाही.

“ओके म्हणतायत,” त्या म्हणाल्या.