जास्तीची मात्रा

आमच्या गल्लीतले पेंटर दुकानांचे बोर्ड रंगवायचे. दुसऱ्याच्या बोर्डावर जास्तीची मात्रा दिसली, तर सायकलवरून उतरून ती नखानं खरवडायचे.

माझ्या पहिलीतल्या मुलीला वाचायला तेच शिकवत. पुस्तक त्यांना चालत नसे. "टेंबलाईच्या टेकडीवर कोहळा का फोडत्यात, तेच वाचू की," म्हणायचे, आणि कोल्हासुर राक्षसाची गोष्ट रोज एक ओळ पाटीवर लिहायचे. ओळ वाचून झाली की दरडावून विचारायचे, "हे कुणी बघितलं? तुला कसं कळलं?" उत्तर आल्याशिवाय पाटी पुसायची नाही. मला ते पटायचं.

ललितापंचमीच्या आदल्या दिवशी, देवीनं राक्षसाला मारलं तिथवर गोष्ट आली. मुलगी बोट ठेवून वाचू लागली, "मरताना म्हणालो, गावाला माझं नाव राहू दे, आणि दरसाल माझ्या नावानं कोहळा फोडा."

"पेंटर, 'म्हणाला' हवं," मी म्हटलं. "मात्रा जास्त पडलीय."

"न्हाय," ते म्हणाले. "बरोबर हाय ती."

मुलीनं त्यांनीच शिकवल्याप्रमाणे विचारलं, "काका, हे कुणी ऐकलं?"

एरवी गल्लीभर ऐकू जाणारा आवाज एकदम खाली आला. "ऐकणारी दोघंच हुती, बाळ. एक देवी."

दुसऱ्या दिवशी टेकडीवर कोहळा फुटला. तुकड्यांसाठी झुंबड उडाली. पेंटर मात्र जागचे हलले नाहीत; दोन्ही हातांनी डोकं गच्च धरून उभे होते.

"आई," मुलगी म्हणाली, "काकांना लागलं गं."