मान दुखते, कापसाची उशी

धुंई, धुंई. दिवाळीआधी अंगणात हा आवाज यायचा. माझ्या वर्गातल्या रहीमचे वडील तारेवर कापूस पिंजायचे आणि आम्ही दोघं ओसरीवर कविता पाठ करायचो. आज तो आवाज फार आठवला.

मित्रहो, यंदाही आमच्या कापसाला भाव नाही. सून वैशाली म्हणते, घरच्या कापसाच्या उशा ऑनलाइन विकू. नाही जमलं तर मुलगा आणि ती पुण्याला जाणार, अन् अकोल्याच्या या घरात मी एकटा.

मी उशीला नावं सुचवली. मेघशय्या, स्वप्नरुई. वैशाली हसली.

"बाबा, असं कोणी शोधत नाही. लोक काय टाइप करून राहिले ते पाहा."

स्क्रीनवर ओळी होत्या. मान दुखते, कोणती उशी घ्यावी. रात्री झोप येत नाही. हाताने पिंजलेली कापसाची उशी.

"या शेवटच्या ओळीले शोधणारे खूप, विकणारे कमी. आपली जागा इथंच."

जन्मभर कविता वाचल्या, पण इतकी थकलेली माणसं एका पानावर कधी भेटली नव्हती.

पण पिंजणार कोण? सकाळी आपल्या शाळेच्या याच ग्रुपवर मी रहीमचा पत्ता विचारला. कोणी बोललं नाही. इथं अंगठे फक्त लग्नाच्या फोटोंना मिळतात.

हे लिहितानाच बेल वाजली. दारात एक अनोळखी तरुण बाई. मागे स्कूटीला पिंजायची धनुकली बांधलेली.

"चाचा, मी रहीमभाईंची सून. तुमचा मेसेज कोणीतरी अब्बाले वाचून दाखवला. त्यांचे हात आता थरथरतात. मले येते पिंजाले. कापूस कुठं आहे?"