मारुतीपुढचं तेल

म्हातारं माणूस पडलं की आपण म्हणतो, वय झालं. पण ते जिथं पडलं, ती फरशी तुम्ही कधी वाकून पाहिली आहे का?

मीही पाहिली नव्हती. वडिलांसोबत पांढुर्ण्याच्या बाजारात पत्रकं वाटत मी वाढले. अन्याय दिसला की लिहायचं, एवढं शिकले. हात जोडायला शिकले नाही. माझी मोठी माय, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, सौंसरजवळच्या एका वृद्धाश्रमात राहते. मागे तिच्या शेजारच्या खाटेवरच्या शांताबाई व्हरांड्यात घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं, तरी त्या अजून खाटेवरच आहेत. मोठ्या मायची हाडंही ठिसूळ झालेली. पडली तर बहुधा पुन्हा चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तरी शनिवारी व्हरांड्यातल्या मारुतीला तेल वाहायला तिला स्वतःच्या पायांनीच जायचं होतं. मी अडवलं. "खाटेवर बसून हात जोड ना!"

"मी काय कापसाचं गाठोडं हाओ, खाटीवर ठेवाले? चालनं बंद केलं त जितीच मरीन, पोरी."

वाटी घेऊन ती निघाली. मी मागून. तिनं तेल वाहिलं आणि माझ्या मनात नकळत उमटलं : हिला सांभाळ. कोणाला म्हणाले, ठाऊक नाही. ती वळली तोच तिचा पाय सरकला. माझा हात पोचला नाही. जामसावळीच्या निजलेल्या मारुतीच्या दर्शनाहून परतताना पाणी प्यायला थांबलेला एक अनोळखी म्हातारा तिथं उभा होता. त्यानं तिला काखेत हात घालून सावरलं.

"हळू वं माय! जामसावळीचा मारुती आडवा हाये, पन तो देव हाये. तू आडवी झाली त उठवन कोन?"

मोठी माय हसली. मग त्यानं खाली पाहिलं. "हे तेल कोनी पुसत नाही काय?"

"देवाचं तेल हाये बाप्पा," झाडणारी बाई दचकून म्हणाली. "त्याले पाय पुसाचा फडका कसा लावाव?"

दर शनिवारी साऱ्यांनी वाहिलेलं तेल मूर्तीवरून ओघळत न्हाणीच्या वाटेवर पसरायचं आणि श्रद्धेपोटी तसंच राहायचं. शांताबाई इथंच पडल्या होत्या. आम्ही वयाला दोष देऊन मोकळे झालो होतो.

म्हाताऱ्यानं खांद्यावरचा गमछा काढला, गुडघे टेकले आणि फरशी पुसली. "मारुतीले राग नाही येत," एवढं म्हणाला. पाणी प्याला आणि गेला. नावही विचारायचं राहिलं.

योगायोग असेल. वाद घालायची मला फार हौस आहे, पण इथं घालवत नाही. समर्पण म्हणजे 'त्याची इच्छा' म्हणत पडून राहणं, असं मी समजत होते, आणि त्याचाच मला संताप होता. त्या दिवशी मी समर्पणाला गुडघे टेकून फरशी पुसताना पाहिलं. मनात उमटलेल्या त्या दोन शब्दांना कोणीतरी उत्तर दिलं, याची कृतज्ञता अजून सरत नाही.

आता तेल दिव्यात जातं, मूर्तीला बोटभर शेंदूर लागतो. मोठी माय भिंत धरून अजून चालत जाते. परतताना दिवा शांताबाईंना दाखवते. त्या पडल्या पडल्या हात जोडतात, तेव्हा मला त्यांच्याकडे पाहवत नाही.

म्हणून विनवते : या शनिवारी आपल्या म्हाताऱ्या माणसाकडे जा. चपला काढा, त्याच्या खाटेपासून न्हाणीपर्यंत अनवाणी चाला. जिथं तुमचा पाय सरकेल, तिथं वाका आणि पुसा.