खांबाच्या खड्ड्यात सत्कार

सत्कार हा शब्द ऐकला की हल्ली माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माझ्या थोरल्या बहिणीचा झाला, तेव्हापासून.

ताई शाळेत गणित शिकवते आणि संध्याकाळी मागच्या मैदानावर मुलींना व्हॉलीबॉल. शाळेतल्याच मुली असं नाही. लाँड्रीत, शिवणकारखान्यात राबणाऱ्यांच्या लेकीही येतात. "गुडघे वाकव गं, गुडघे!" असं ती इतकं ओरडते की वस्तीत तिचं नाव गुडघेबाई पडलंय. पलीकडच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली, तेव्हा वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांचं पाणी, भाजी, औषधं तिच्या मुलींनी चढवली. लिफ्ट अजून बंद आहे आणि मुली अजून चढतात. कुणी कौतुक केलं तर ताई खेकसते, "समाजसेवा कसली डोंबलाची! पायांचा व्यायाम आहे तो."

तर या बाईला शाळेच्या मंडळानं कधी साधी जाळी बदलून दिली नाही. जुनीच जाळी आम्ही दोघी घरी बसून सांधतो. आणि अचानक अध्यक्षांना प्रेमाचं भरतं आलं. मैदानावर ताईच्या नावाचा फलक उभारायचा, त्याच्यासमोरच तिचा सत्कार करायचा, असं ठरलं. दिवस कुठला निवडला? मुलींच्या सामन्याचा आदला. बाहेरगावचा संघ पहिल्यांदाच आमच्याकडे खेळायला येणार होता. मैदान तयार नसेल तर आमचा संघ हरला, असा नियम.

टाळ्यांच्या गजरात अध्यक्षांनी फलकावरचं कापड ओढलं. मी बघते तर काय, फलक जाळीच्या खांबाच्या खड्ड्यात! खांब उपटून भिंतीशी टाकलेला. खड्ड्यातल्या नळीत खांब बसतो, ती नळी सिमेंटनं बुजवलेली.

"अहो, जाळी कुठे बांधायची आता? तुमच्या गळ्याला?" मी उभी राहून ओरडले.

"मावशी, शांत व्हा," अध्यक्ष म्हणाले. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस, मला मावशी म्हणतो! "गवंड्याला खड्डा आयता मिळाला. जागाही मोक्याची. खेळ काय, रोजचाच आहे. सामना पुढे ढकलू."

असं म्हणून त्यांनी ताईच्या त्यागावर भाषण चालू केलं. शहाण्यानं आयुष्यात कधी चेंडूला हात लावला नसेल.

ताईची बोलायची वेळ आली, तेव्हा तिनं माइकवरून फक्त गवंड्याला विचारलं, "दादा, सिमेंट कधी ओतलंत?"

"दुपारी, बाई."

"म्हणजे ओलंच आहे."

तिनं हातातली फुलं खुर्चीवर ठेवली, फलकाला मिठी घातली आणि हलवायला लागली. मुली धावल्या. अध्यक्ष किंचाळले, "बाई, अहो काय करताय? तुमचं नाव आहे त्याच्यावर!"

"म्हणून तर मी काढतेय. दुसऱ्याचं असतं तर विचारलं असतं."

फलक सुटला. अध्यक्ष पाय आपटत गाडीकडे निघाले, फोटोवाला त्यांच्यामागे. लोकही पांगले. कार्यक्रमाची मजा घालवली म्हणे आम्ही! गवंडी तेवढा पहार घेऊन थांबला, पण पहारीनं नळी चेपायला लागली. शेवटी ठेवणीतल्या कपड्यांत ताई जमिनीवर पालथी पडली आणि खांद्यापर्यंत हात आत घालून सिमेंट ओरबाडू लागली. कुणाला हात लावू देईना. "तुमची बोटं उद्या लागणार आहेत," म्हणाली.

अंधार पडायच्या आत खांब उभा राहिला. ताईची बोटं सोलवटली होती. घरी मी तिला जेवण भरवलं. लोक विचारतात, सत्कार कसा झाला? मी त्यांना तिचे हात दाखवते.